चूल कुणाला पायजे

आधी एक सांगून ठेवते. मला लोकांच्या घरात नाक खुपसायची सवय न्हाई. पण माझं माहेर आन् सासर एकाच तांड्यात, मधे फक्त एक बोळ. भावाच्या घरात कुकरची शिट्टी झाली की माझ्या ओसरीवर ऐकू येते. मग मी काय कानात बोळे घालून बसू? मला जे ठाऊक झालं ते बसल्या जागी झालं, मी काही शोधायला गेले नव्हते.

आमचा तांडा औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या अंगाला. पाणी हाय म्हणून हळद हाय. माझा धाकटा भाऊ नेमसिंग, त्याची बायको जिवनबाई. त्यांना पोरगा एकच, दिपक. पोरगी मिना नांदेडला नर्सिंगच्या कॉलेजात शिकून राहिली. दिपकची बायको पुजा, तिकडं कळमनुरीच्या बाजूच्या तांड्यातली, आन् त्यांची लेक राणी, अंगणवाडीत जाणारी. घरात आमी गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण तुमाला मराठीत सांगते, न्हाई तर अर्ध्यातून उठून जाल.

पुजा पोरगी गुणाची. उगं कौतुक करायचं म्हणून न्हाई सांगत, माझ्या तोंडून सहजासहजी कौतुक निघत न्हाई, कुणालाही विचारा. जिवनबाईला बीपी निघालं तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, मीठ कमी करा, चुलीपुढं बसू नका, धावपळ नको. त्या दिवसापासून पुजानं सगळं घर हातात घेतलं. मातीची चूल गेली, ओटा झाला, त्यावर गॅस आला. जिवनबाईला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. "याडी, तुमी बसा," हे पुजाचं पालुपद. याडी म्हणजे आमच्यात आई. जिवनबाई भाजी निवडायला गेली की "याडी, तुमी बसा." पाण्याची घागर उचलली की "याडी, ठेवा ती." अख्खा तांडा म्हणायचा, जिवनबाईनं नशीब काढलं. जिवनबाई पण मान हलवायची. व्हय, नशीब काढलं.

आन् मग दिवाळीच्या आसपास तिनं एक नवीनच काढलं. मला बोळात गाठून म्हणली, "बाई, पुजाला वेगळं निघायचंय."

मी उडालेच. म्हणलं, "कोण म्हणतं?"

"कुणी म्हणायला कशाला पायजे? मला दिसून राहिलंय."

आता तिला काय दिसून राहिलं होतं ते ऐका. पुजानं शिरड शहापूरच्या बाजारातून एक लहान पातेलं आणलं आन् एक लहान तवा. कशाला आणलं? वेगळ्या संसारासाठी. पुजानं घरामागची पत्र्याची पडवी झाडून सारवून घेतली. कशाला? तिथं चूल मांडायला. पुजा फोनवर आईसंग हळू बोलते. काहून हळू? काही तरी शिजून राहिलं असंल म्हणून.

मी पुजाला सरळ विचारलं. ती हसली. पातेलं याडीच्या बिनमिठाच्या वरणासाठी, म्हणली, सगळ्यांचं एकत्र केलं की त्यात मीठ पडतं. पडवी हळद ठेवायला साफ केली. आन् फोनवर हळू बोलते कारण राणी झोपलेली असते. मी हे सगळं जसंच्या तसं जिवनबाईला जाऊन सांगितलं. ती म्हणली, "बघा, उत्तर कसं तयार ठेवलंय."



हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हती बरं का. एकुलता एक पोरगा, सासूला बीपी, सासरा म्हातारा, आन् अशा घरातून सून वेगळी निघाली तर आमच्या तांड्यात तिला घरफोडी म्हणतात. हे नाव एकदा चिकटलं की निघत न्हाई. लग्नाकार्यात बायका तिच्या बाजूला बसायला कचरतात, मागं बघून कुजबुजतात. पुजाला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून आधी ती हसली, मग रडली, मग गप झाली. ती गप झाली तर जिवनबाई म्हणायला लागली, "आता तर बोलत पण न्हाई माझ्यासंग. मन उडालंय तिचं."

दिपकची तर बिचाऱ्याची चटणी झाली. आईला समजवायला गेला की आई म्हणायची, बायकोनं शिकवलं. बायकोला समजवायला गेला की तिच्या डोळ्याला पाणी. माझा भाऊ म्हणाल तर मूग गिळून बसलेला. मी एकदा त्याला चांगलं झाडलं, की अरे घरचा कर्ता तू, बोल की काही. तर म्हणतो कसा, "बाई, तू हाय ना बोलायला." लहानपणापासून असाच हाय तो.

शिमगा झाला, हळद निघाली, आन् जिवनबाईनं कहर केला. सरळ नाईकाकडं गेली. नाईक म्हणजे आमच्या तांड्याचा मुख्य माणूस, घराघरातली भांडणं त्याच्याच ओट्यावर मिटतात. त्याला म्हणली, "माझ्या सुनेला वेगळं निघायचंय. लपूनछपून नको, चार माणसांत होऊन जाऊ द्या." नाईकानं हळद शिजवून झाली की बैठक घ्यायचं कबूल केलं.

पुजानं आईला फोन केला. यावेळी हळू न्हाई केला, चांगला मोठ्यानं, रडत केला. तिची आई शिला, जबर बाई. म्हणली, "माझ्या लेकीला चार माणसांत उभी करतेत व्हय? बैठकीच्या दिवशी येते. तुला आन् लेकराला घेऊन जाते. मग बसा म्हणावं बैठका घेत." पुजानं बॅग भरून पलंगाखाली ठेवली. राणीचे फ्रॉक पण होते त्यात. मला झाडताना दिसली. आता त्यांच्या घरात मी कशाला झाडत होते हे विचारू नका.

राणीला जिवनबाईशिवाय झोप येत न्हाई, आन् जिवनबाईला राणीशिवाय. घर मोडायला निघालं होतं, आन् जी मोडत होती तिलाच वाटत होतं की आपण घर वाचवून राहिलो.

दुसऱ्या दिवशी चाँद पाशाचा कुकर येणार होता. शिरड शहापूरचा चाँद पाशा, हळद शिजवायचा वाफेचा मोठा कुकर ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरतो. त्याचा दिवस चुकला तर मग लवकर हाती लागत न्हाई. म्हणून आदल्या दिवशी मी आन् जिवनबाई शेडखाली पोत्यावर बसून हळद मोडत होतो. हळदीचा कंद जमिनीतून निघतो तेव्हा सगळं एकात एक गुंतलेलं असतं. मधला गड्डा वेगळा काढायचा, बाजूची हळकुंडं वेगळी. माती झटकायची. हात पिवळे जर्द होतात आन् तोंड मोकळं राहतं. पुजा घरी सगळ्यांच्या भाकरी करत होती.

मी म्हणलं, काही तरी बोलून बघावं. "जिवनबाई, मला एक सांग. वेगळी निघून पुजा करणार तरी काय?"

"काय करणार म्हणजे? पडवीत चूल मांडणार."

"गॅस सोडून?"

"मातीची मांडणार. चुलीचं तोंड उगवतीला. म्हणजे तिथं बसलं की सकाळचं ऊन पाठीला लागतं." तिचा हात थांबला होता. "उठल्या उठल्या आधी चहा. गुळाचा, काळा, आलं ठेचून. तो पण कपात न्हाई, वाटीत. कुणी म्हणायला न्हाई की दुसरा घेऊ नका. मग मनाला आलं तर भाकर टाकायची. न्हाई आलं तर शिळी भाकर आन् तेलचटणी. अंबाडीची भाजी करायची, वरून लसणाची फोडणी, चांगली करपेपर्यंत. धूर झाला तर होऊ द्यायचा. दुपारी भांडी तशीच टाकायची आन् तिथंच पदर पसरून पडायचं. कुणी उठवायला न्हाई की आत पलंगावर जाऊन पडा."

ती बोलत होती आन् मी तिच्या तोंडाकडं बघत होते. लग्नात बायका नवरीला बघायला येतात तेव्हा पोरीच्या तोंडावर जसं असतं तसं काही तरी होतं. मी तिला अशी बघून किती वर्षं झाली असतील कुणास ठाऊक.

मी म्हणलं, "हे सगळं पुजानं सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? मला कळतं ना तिच्या मनातलं."

"पुजा चहा पिते व्हय?"

जिवनबाईनं माझ्याकडं बघितलं. "न्हाई पीत. तिला पित्त होतं."

"अंबाडी खाते?"

"अंबाडी म्हणलं की तोंड वाकडं करते."

"आन् धूर? परवा माझ्या चुलीपुढं येऊन बसली तर ठसक्यानं जीव घाबरा झाला तिचा. आन् दुपारी झोपलेली तर मी तिला बाळंतपणात पण बघितली न्हाई."

ती हातातलं हळकुंड नुसतं फिरवत राहिली.

"मग ही चूल कुणाची गं, जिवनबाई?"

"तुमाला काय म्हणायचंय, बाई?"

मला आडून बोलता येत न्हाई. मी सांगून टाकलं. "चूल पुजाला नको हाय. तुला पायजे."

तिचं तोंड असं झालं, जणू मी तिच्या कानाखालीच वाजवली. "मला? पोरगं जिवंत असताना वेगळं शिजवून खाणारी बाई मी? दिपकच्या तोंडाला काळं फासू? तुमाला असं वाटलंच कसं?" ती उठली, लुगडं झटकलं आन् तरातरा निघून गेली. हळदीचा ढीग तसाच. तो सगळा मी एकटीनं मोडला, आन् त्याचं आजपर्यंत मला कुणी बरं केलं म्हणलं न्हाई.

पण ती काहून भडकली ते मला कळत होतं. सून वेगळी निघाली तर लोक सुनेला नावं ठेवतात. आई वेगळी निघाली तर लोक पोराला नावं ठेवतात. आमच्याकडं पोरगं असताना जी म्हातारी एकटी शिजवते तिला पोरानं काढलेली असते, दुसरं कारणच कुणाच्या डोक्यात येत न्हाई. मग जिवनबाईसारख्या बाईनं असली इच्छा मनात धरायची तरी कशी? दिपकवर तिचा जीव. इच्छा आली की तिनं ती हाकलली असंल. ती इच्छा कुठं जाणार? समोर पुजा होती, तिच्या अंगावर जाऊन बसली.

संध्याकाळी मी मिनाला नांदेडला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणली, "आत्या, हे आमच्या अभ्यासात हाय." तिनं त्याचं नाव पण सांगितलं, लांबलचक होतं, माझ्या ध्यानात न्हाई राहिलं. पण तिनं जे समजावलं ते राहिलं. आपल्या मनातली जी गोष्ट आपल्यालाच सोसत न्हाई, ती माणसाला दुसऱ्याच्या मनात दिसायला लागते. ज्याला सारखा राग येतो तो म्हणतो लोक माझ्यावर चिडून हायेत. ज्याचं मन भटकतं तो बायकोवर संशय घेतो. "आन् आत्या, माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसतं. याडीला पण खरंच दिसत असंल."

मी विचारलं, "मग यावर औषध काय?"

"औषध न्हाई. तिचं तिला ओळखू आलं पायजे. तुमी तोंडावर म्हणू नका, ती आणखी भडकंल."

"ते म्हणून बसले मी."

मिना म्हणली, "बराबर. तुमी न्हाई म्हणणार तर कोण म्हणणार?" शिकलेली पोरगी, पण बोलायला बापावर गेली.

हळद शिजली. वाफेचा वास सगळ्या तांड्यावर पसरला. चाँद पाशा कुकरपाशी उभा राहून सगळ्यांना बाजूला हाकलत होता. जिवनबाई दिवसभर माझ्यासंग एक शब्द बोलली न्हाई. मी पण काही लाचार न्हाई, मी पण बोलले न्हाई. बैठकीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरामागून जात होते, तर ती पडवीत उभी दिसली. मग ती खाली बसली. जिथं चूल मांडायची म्हणत होती बराबर तिथंच, उन्हाकडं पाठ करून. पुढं काहीच नव्हतं, नुसती सारवलेली जमीन. तिनं एकदा हात पुढं केला, चुलीत लाकूड सारतात तसा, आन् मागं घेतला. मी पाऊल न वाजवता निघून गेले. तिचं बसणं बघून मला रडू आलं, हे खरं सांगते.

बैठक नाईकाच्या ओट्यावर बसली. शिला कळमनुरीहून काळीपिवळी जीपनं आली ती थेट तिथंच उतरली, पाणी पण प्यायली न्हाई. पुजा राणीला कडेवर घेऊन उभी. बाजूला ती बॅग. दिपक मान खाली घालून खांबाला टेकलेला. नेमसिंग माझ्यामागं लपल्यासारखा बसला होता.

नाईक म्हणला, "बोल पोरी. तुला वेगळं निघायचंय का?"

"न्हाई," पुजा म्हणली. "मला कुठंच न्हाई निघायचं. पण याडीला मी घरात नको असंल तर जाते मी. रोज संशय घेण्यापरीस ते बरं."

"जाते म्हणजे काय, निघालीच ती," शिला म्हणली आन् तिनं बॅग उचलली.

नाईकानं हात वर केला. "थांबा जरा. जिवनबाई, बैठक तुमी बोलावली. तुमचं काय म्हणणं हाय?"

जिवनबाई बॅगकडं बघत होती. चेन नीट लागली नव्हती, राणीच्या फ्रॉकची लाल झालर बाहेर आली होती. मला वाटलं, आता ही पुन्हा पातेलं आन् तवा काढणार.

"पुजाला चूल नको हाय," ती म्हणली.

"मग बैठक कशाला?"

"मला पायजे."

नाईकानं दिपककडं बघितलं, आन् ते बघणं काही चांगलं नव्हतं. "काय रे? काय कमी केलं आईला?"

"त्याला बोलू नका," जिवनबाई मोठ्यानं म्हणली. "कुणी काही कमी केलं न्हाई. लई केलं. दोघांनी मला हातावर झेललं. पण मला माझ्या हातानं करावं वाटतं, नाईक. माझ्या हातची भाकर खावी वाटते. खुर्चीत बसून बसून मला पाव्हणी असल्यासारखं वाटतं, माझ्याच घरात. असं वाटणं म्हणजे पाप, असं मला वाटलं. पोरगं असताना आईनं असं मनात आणावं का? मग मला ते पुजाच्या तोंडावर दिसायला लागलं. मी खोटं न्हाई बोलले. मला खरंच दिसत होतं."

मग ती पुजाकडं वळली. "माझंच होतं गं ते. तुझ्यावर घातलं मी."

पुजा खाली बसली. राणी तिच्या कडेवरून उतरली आन् जिवनबाईकडं गेली. पुजा पदरात तोंड घालून रडत होती, मधेच म्हणली, "मला वाटायचं तुमालाच मी नको झाले."

नाईक बिचारा घोटाळ्यात पडला. त्याच्या बापाच्या वेळेपासून असला मामला आला नव्हता. आमच्या तांड्यात नवीन चूल मांडतात तेव्हा जुन्या चुलीतला विस्तव नेतात. घरात राहणारीनं तो निघणारीला हातानं द्यायचा. म्हणजे दरवेळी सासू देते आन् सून घेते. नाईकानं मिशीवरून हात फिरवला. शेवटी म्हणला, "मग विस्तव पुजा देईल. आन् कुणी म्हणलं पोरानं आईला काढलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा."

"चूल मांडू द्या," पुजा नाक पुसत म्हणली, "पण मीठ माझ्याकडं राहील. डॉक्टरनं सांगितलंय."

सगळे हसले. जिवनबाईचं तोंड जरा पडलं, पण तिनं मान हलवली. एकटी शिला बॅग हातात धरून उभी होती. "मग मी एवढ्या लांब कशाला आले?"

"जेवायला," जिवनबाई म्हणली. "चला घरी."

कालव्याच्या काठची माती आणून जिवनबाईनं चूल घातली. कुणाला हात लावू दिला न्हाई. दोनदा मोडली, पुन्हा घातली, कारण तोंड जरा तिरपं आलं होतं. विस्तव द्यायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली, घरात तर गॅस. पुजानं गॅसवर गोवरी पेटवली. सगळ्या स्वयंपाकघरात धूर, पुजाला ठसक्यावर ठसका, दिपक खिडक्या उघडत धावून राहिला. ती धुमसती गोवरी तव्यावर घेऊन पुजा डोळ्यातून पाणी गाळत पडवीत आली. धुराचं पाणी किती आन् दुसरं किती, हे मला सांगता येणार न्हाई. जिवनबाईनं दोन्ही हातांनी तवा घेतला.

लोक बोललेच. नळावर एक बाई मला म्हणली, नेमसिंगच्या पोरानं आईला बाहेर काढलं म्हणतेत. मी तिला असं ऐकवलं की ती घागर अर्धीच घेऊन गेली. आता कुणी बोलत न्हाई. जिवनबाईचं बीपी पण वाढलं न्हाई, उलट डॉक्टर म्हणला आता बरं हाय. नेमसिंगची तर चंगळ झाली. आधी पडवीत बायकोची भाकर खातो, मग आत जाऊन सुनेचं वरण खातो, आन् दोघींना सांगतो की तिकडं पोट भरलं न्हाई.

पाडवा होऊन गेला, ऊन तापायला लागलं. एका दुपारी पुजा माझ्या ओसरीवर आली. दिपक शेतात, राणी झोपलेली. उगंच इकडं तिकडं बघत बसली. मग म्हणली, "आत्या, याडीला तिकडं करमत नसंल हो."

"काहून?"

"एकट्याच बसतात ना. दुपारी तर किती सुनं सुनं वाटत असंल. घर खायला उठत असंल. एकट्या माणसाच्या घशाखाली घास तरी उतरतो का? तोंडानं म्हणायच्या न्हाईत त्या, पण मला कळतं. तुमी जाऊन बघा ना जरा."

मी गेले. जिवनबाई जेवून उठली होती. भांडी तशीच पडलेली. चुलीपुढं पदर पसरून आडवी झाली होती, डोळे अर्धे मिटलेले.

"पुजानं पाठवलं," मी म्हणलं. "तुला एकटं एकटं वाटत असंल म्हणते. करमत नसंल. घास उतरत नसंल."

"मला?" जिवनबाई हसली. "दोन भाकरी खाल्ल्या मी आता."

मग तिचं हसू थांबलं. ती उठून बसली आन् घराच्या मागच्या दाराकडं बघत राहिली.

"बाई," ती हळू म्हणली, "मला करमतंय. तिला करमत न्हाई."

मी तिच्यापुढं उकिडवी बसले.

"तिला जाऊन सांगा. माझ्या नावानं नको येऊ म्हणावं. तुझ्या नावानं ये."

मी वळले तर पुजा दारातच उभी होती. माझ्यामागं मागं आली होती, हातात ताट, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. जरा वेळ ती तिथंच उंबऱ्यावर थांबली.

"याडी," ती म्हणली, "मला करमंना."

जिवनबाई चुलीपुढून एका अंगाला सरकली आन् तिनं हातानं जमीन झटकून पुजाला जागा करून दिली.